पाण्यात उडवलेला पतंग

चिनूक हा उत्तर पॅसिफिकमधला सगळ्यात मोठा सॅल्मन. काही वर्षं समुद्रात हेरिंग, अँचोव्ही, सार्डिन खाऊन तो दहा-पंधरा किलोंचा होतो. (१९८५ मध्ये अलास्कातल्या केनाई नदीत एकाने गळाने धरलेला चिनूक ४४ किलोंचा भरला होता.) मग एके दिवशी तो नदीच्या मुखाशी येतो, आत वळतो आणि जेवण सोडतो. त्याचं पोट आक्रसतं, आतडी आखडतात. पुढचा सगळा प्रवास, धबधबे चढणं, जोडीदार शोधणं, गोट्यांमध्ये अंडी घालणं, हे अंगात साठवलेल्या चरबीवर उरकायचं आणि त्याच ओढ्यात मरायचं.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या कोलंबिया नदीवर, या उपाशी माशाला गळाला लावायची एक विलक्षण युक्ती आहे. केळ्यासारखा वाकडा, चार-पाच इंचांचा, भडक रंगांचा प्लास्टिकचा मासा घ्यायचा. त्याला म्हणतात प्लग. त्याच्या पोटावर सार्डिनचा पातळ काप ठेवून दोऱ्याने करकचून बांधायचा आणि तो नदीत सोडायचा. ज्याने अन्न वर्ज्य केलंय, त्याच्यापुढे ताट वाढायचं. आणि तो मासा ते ताट नुसतं हुंगत नाही, जबड्यात धरून चावतो.

इथे एक खुलासा करून ठेवतो. आपल्याकडे इंग्रजी मेनूकार्डांवर रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात. चवीला रावस कुणाला हार जाणार नाही, पण त्याचं आणि सॅल्मनचं काही नातं नाही. सार्डिन मात्र आपल्या ओळखीचा. कोकणात तारली म्हणतात ती त्याच्याच गोतावळ्यातली. आणि या साऱ्या गोष्टीत तारलीचा तो तेलकट, घरभर पसरणारा वास फार महत्त्वाचा आहे.

आधी प्लगकडे पाहू.

पतंग उडवलेल्या कुणालाही प्लग समजायला वेळ लागणार नाही. वारा पतंगाच्या छातीवर आपटतो. छाती तिरकी असते, म्हणून वारा तिला वर ढकलतो, आणि दोरा पतंगाला वाहून जाऊ देत नाही. या ओढाताणीतून पतंग वर चढतो. प्लगचंही तेच, फक्त उलटं. वाऱ्याच्या जागी प्रवाह, आणि कपाळ असं झुकलेलं की पाणी त्याला खाली दाबतं. स्थिर पाण्यात हे प्लग तरंगतात. दोर सैल सोडला तर वर येतात. दोराला ताण बसला आणि समोरून पाणी आलं की डोकं खाली घालून बुडी मारतात. जितकी ओढ जास्त, तितकी बुडी खोल. पाण्यात उलटा उडवलेला पतंगच तो.

खाली जाताना तो डोलतो, आणि मला खरं नवल या डोलण्याचं वाटतं. पाणी रुंद कपाळावर आदळून दोन्ही कडांनी मागे वळू पाहतं, पण दोन्हीकडून एकाच वेळी नीट वळणं त्याला साधत नाही. एका कडेशी भोवरा तयार होतो, सुटतो आणि प्लगला एका अंगाला ढकलतो. तेवढ्यात दुसऱ्या कडेशी भोवरा तयार झालेला असतो. डावं, उजवं, डावं, उजवं. सोसाट्याच्या वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात तेव्हाही भोवरे असेच आळीपाळीने सुटत असतात. चेक शास्त्रज्ञ व्हिन्सेंट्स स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये तारांच्या या गाण्याचा अभ्यास केला. तार किती ताणली आहे यावर सूर ठरत नाही, तो वाऱ्याच्या वेगावर आणि तारेच्या जाडीवर ठरतो, असं त्यांना आढळलं. वेग वाढला की सूर चढतो, जाडी वाढली की उतरतो. प्लगचा आकार तारेपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा, पण कल हाच. लहान प्लग घाईघाईने थरथरतो. मोठा प्लग संथ, रुंद झोके घेतो. चिनूकसाठी मोठा लागतो.

१९३०च्या दशकात डेट्रॉइटच्या चार्ल्स हेलिन यांनी ‘फ्लॅटफिश’ नावाचा असा वाकडा प्लग बाजारात आणला. सुरुवातीचे लाकडाचे होते. पुढे ऑरेगनमधल्या हूड रिव्हर गावच्या लूर जेन्सन कंपनीचा ‘क्विकफिश’ आणि वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यातून ‘मॅगलिप’ आला. मॅगलिपची खोड अशी की एका लयीत डोलता डोलता तो मध्येच ठेका चुकवून बाजूला झेप घेतो आणि पुन्हा समेवर येतो. घाबरलेला लहान मासा असाच वागतो.

हे डोलणं सॅल्मन डोळ्यांनी पाहतोच, पण त्याआधी अंगाने ऐकतो. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते. बाजारातून आणलेल्या जिताड्यावर ती स्पष्ट दिसते. ती पार्श्वरेखा. त्या रेघेखालच्या नळीत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आपल्या कानाच्या आत ज्या पेशी आवाज टिपतात, त्यांच्याच जातीच्या. जवळपास पाणी हललं की त्या वाकतात. गढूळ पाण्यात, काळोखात, शेजारून कोण गेलं, किती मोठं, किती वेगाने, हे माशाला कातडीतून कळतं. प्लगचा प्रत्येक झोका म्हणजे या रेघेवर पडलेली एक थाप.

पण थाप जवळूनच ऐकू येते. लांबून बोलावणं पाठवायचं तर वास हवा. सॅल्मनच्या नाकाबद्दल वाचायला लागलो तेव्हा कितीतरी दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

१९४६ मध्ये आर्थर हॅस्लर नावाचे प्राणिशास्त्रज्ञ सुट्टीत आपल्या मूळ प्रांतात, यूटामधल्या वॉसॅच डोंगरात, चढत होते. एका कड्याआड धबधबा होता, अजून दिसत नव्हता. तेवढ्यात वाऱ्याबरोबर शेवाळाचा आणि रानफुलांचा गार वास आला, आणि लहानपणीच्या विसरलेल्या आठवणी, मित्रांची नावं, एकदम जागी झाली. हॅस्लर यांच्या मनात आलं, वास जर मला इतक्या वर्षांनी माझ्या बालपणात नेऊन सोडतो, तर सॅल्मनला तो त्याच्या जन्माच्या ओढ्यापर्यंत का नेणार नाही? पुढे विद्यार्थी वॉरन विस्बी यांच्यासह त्यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली आणि मग थेट माशांवर तपासली. वॉशिंग्टनमधल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांतून त्यांनी परतलेले सॅल्मन धरले. काहींच्या नाकपुड्यांत कापसाचे बोळे घातले आणि सगळ्यांना फाट्याच्या खाली नेऊन सोडलं. मोकळ्या नाकाचे मासे बहुतांशी आपापल्या फाट्याला गेले. बोळे घातलेले गोंधळले, कुठेही शिरले.

म्हणजे मासा नदीचा नकाशा नाकात घेऊन फिरतो. आणि ते नाक श्वासासाठी नसतंच. पाणी पुढच्या भोकातून आत जातं, मागच्या भोकातून बाहेर पडतं, तोंडाशी त्याचा संबंध येत नाही. मधल्या वाटीत फुलाच्या पाकळ्यांसारख्या घड्या असतात, वास ओळखण्याची सगळी नाजूक यंत्रणा त्यांवर. ते एकाच कामाचं नाक आहे.

या नाकाची दुसरी गोष्ट गळवाल्यांना जास्त जवळची. १९५४ मध्ये कॅनडाच्या ब्रेट आणि मॅकिनन या शास्त्रज्ञांनी माशांच्या शिडीत, म्हणजे धरणा-धबधब्याला वळसा घालायला बांधलेल्या पायऱ्यांच्या पाटात, केलेला एक प्रयोग लिहून ठेवला. वरच्या पाण्यात माणसाने नुसते हात धुतले तर खाली चढणारे सॅल्मन थबकायचे, मागे फिरायचे. अस्वलाच्या पंजाच्या धुवणानेही तसंच व्हायचं. दोन वर्षांनी त्यातला गुन्हेगार सापडला: सस्तन प्राण्यांच्या कातडीतून झिरपणारं सेरीन नावाचं अमिनो आम्ल. सॅल्मनच्या नाकाला आपला हात आणि अस्वलाचा पंजा यांत फरक नाही. दोन्ही शत्रूच. म्हणूनच तिकडचे जाणते मासेमार आमिष बांधताना रबरी हातमोजे घालतात आणि मोटारीला पेट्रोल भरलेल्या हाताने प्लगला शिवतही नाहीत.

आता सार्डिनच का, हे उघड होतं. सार्डिनमध्ये तेल भरपूर असतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तारलीचं तेल लाकडी होड्यांना चोपडायची जुनी पद्धत आहे, इतकं ते निघतं. पण तेल पाण्यात विरघळत नाही. माशाच्या नाकाला जे कळतं ते विरघळलेलं: मांसातून झिरपणारी अमिनो आम्लं. ती प्रवाहाबरोबर खाली जातात आणि नदीच्या गोड्या पाण्यात समुद्राची एक बारीक धार ओढत नेतात. घरच्या ओढ्याचा माग काढत निघालेल्या माशाला अचानक आपल्या चार वर्षांच्या जेवणाचा वास येतो. तो का चावतो? भूक नाही म्हटल्यावर उरतात जुनी सवय, आपल्या विसाव्याच्या जागी घुसलेल्याचा राग आणि कुतूहल. माशाला हात नाहीत. एखादी गोष्ट काय आहे हे त्याला तोंडानेच चाचपावं लागतं.

म्हणजे प्लगला ठेका हवा आणि वासही हवा. अडचण अशी की दोघांचं एकमेकांशी पटत नाही. ज्या पोटावर सार्डिन बांधायचा, त्याच पोटावरून पाणी सरकतं. काप जाड झाला की प्लग जड होतो, बुडी उथळ होते, डोलणं मंदावतं. काप एका बाजूला जरासा सरकला तर प्लग कलतो. एका बाजूला चिंधी चिकटलेला पतंग जसा गोते खातो, तसाच. सगळं कसब या भांडणात तडजोड घडवण्याचं आहे, आणि त्याला जागा आहे बोटभर.

म्हणून बांधणी सावकाश करायची. सार्डिन ताजा हवा. मऊ पडत असेल तर मिठात मुरवून घट्ट करून घेतात. काटा काढून दोन पट्ट्या करायच्या, धारदार सुरीने कडा कापून एक पट्टी प्लगच्या पोटाएवढी करायची, आणि जाड भाग तासून पातळ करायचा. कातडी प्लगकडे, मांस बाहेर. खवल्यांची कातडी बाहेर राहिली तर वास आतच कोंडतो. पोटाच्या मध्यावर एक गळ लटकतो. त्याच्या कडीला जागा द्यायला काप तिथे चिरतात. पट्टी मधल्या रेषेवर बसली की लवचिक बारीक दोरा घ्यायचा आणि पुढून मागे, मागून पुढे वळसे देत जायचं. दोरा मांसात थोडा रुतला पाहिजे, म्हणजे पाणी काप उचकटणार नाही, पण तो इतका घट्ट नको की मांस कापलं जाईल. कापाची पुढची कड दोऱ्याखाली नीट दाबायची. पाणी आधी तिथेच बोट घालतं. मासळी निवडण्याचं काम रोज करणाऱ्या कोळणीला हे एकदा दाखवलं तर ती पहिल्याच खेपेला सुबक बांधेल, याची मला खात्री आहे.

दोऱ्याची गाठ मारली की निम्मं काम झालं. आता प्लग जुळवायचा.

प्लगच्या कपाळाजवळ एक कडी असते, दोर तिथे अडकवतात. बहुतेक प्लगांत ती स्क्रूसारखी आत बसवलेली असते. दोर थेट कडीला घट्ट गाठीने बांधला तर प्लगला मान हलवायला जागा राहत नाही, म्हणून मध्ये गोल चापाची छोटी क्लिप घालतात. मग होडीच्या कडेला, डोळ्यांसमोर, प्लग पाण्यात धरून ओढायचा. आधी हळू, मग जोरात, मग आणखी जोरात. हळू ओढल्यावर सगळेच सरळ जातात. दोष वेगात उघडे पडतात. सरळ प्लग कितीही ओढा, नाक खाली घालून नीट समोर खोल जातो. बिघडलेला एका बाजूला पळतो, कुशीवर आडवा होतो, आणि वेग वाढला की गिरकी घेत पृष्ठभागावर येतो.

उपाय म्हणजे पक्कड आणि कडी. प्लग डावीकडे पळत असेल तर कडी किंचित उजवीकडे, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. किंचित म्हणजे किती? डोळ्याला दिसेल-न दिसेल इतकं. नवखा माणूस पक्कड फिरवतो आणि कडी फारच वळते. मग प्लग दुसऱ्या बाजूला पळायला लागतो, आणि असं हेलकावत बराच वेळ जातो. पतंगाची कन्नी बांधताना गाठ एका बोटाने सरकवावी लागते, आणि तेवढ्याने नेहमी गोते खाणारा पतंग ताठ चढतो. तेच हे. कोरा प्लग जुळवून ठेवला असला तरी सार्डिन बांधल्यावर पुन्हा जुळवावा लागतो, कारण आता तो वेगळा प्लग झालेला असतो. अनेकजण कारखान्याचे तीन काट्यांचे गळ काढून एकेक मोठा गळ लावतात. तोल त्यानेही बदलतो, आणि पुन्हा पक्कड हातात.

आणि हे दिवसभर चालतं. पाऊण-एक तासात मांस धुऊन पांढरं पडतं, वास संपतो. दोरा कापायचा, नवा काप, नवे वळसे, पुन्हा कडेला ओढून पाहायचं. या कष्टांची मला मोठी ओढ वाटते. पाण्याखालच्या एका नाकासाठी आणि एका रेघेसाठी माणूस डोळ्यांनी आणि बोटांनी इतकी अचूक तयारी करतो.

मग प्रत्यक्ष मासेमारी. लहान नद्यांवर वल्ह्यांची होडी असते, पुढे-मागे वर उचललेली, उथळ पाण्यातही तरंगणारी. वल्हेकरी तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला करून बसतो आणि वल्ही प्रवाहाविरुद्ध मारतो. होडी वाहत जायला हवी तितकी वाहत नाही. पाणी तिला खाली नेतं, तो तिला अडवतो, आणि होडी प्रवाहापेक्षा खूप हळू, जणू पावलं मोजत, खाली सरकते. प्लग तिच्या पुढे वीस-पंचवीस मीटरवर. मोठ्या पाण्यात प्लगला एकट्याने तळापर्यंत पोचता येत नाही. तिथे दोराला तीन तोंडांची कडी घालतात. एका तोंडाला आखूड दोरीवर शिशाचं वजन, दुसऱ्याला लांब दोरीवर प्लग. शिसं तळाला लागतं, प्लग त्याच्या मागे थोडा वर डोलत राहतो.

आता हे चित्र माशाच्या बाजूने पाहा. सॅल्मन नदीत नेहमी प्रवाहाकडे तोंड करून असतो. वरून पाणी येतं, त्याच्याबरोबर आधी वास येतो. कुठून तरी, बारीक, मग दाट. मग कातडीतली ती रेघ जागी होते: थाप, थाप, थाप, जवळ येणारी. आणि सगळ्यात शेवटी गढूळ हिरव्या पाण्यात चंदेरी-पोपटी अंग दिसतं, मागे मागे सरकत थेट तोंडाशी येणारं. हटायचं किंवा चावायचं, एवढंच उरतं.

होडीत सगळ्यांचे डोळे गळाच्या काठ्यांच्या टोकांवर. काठ्या खोबणीत उभ्या, हातात कुणी धरत नाही. जुळलेल्या प्लगची थाप दोरातून वर येते आणि टोक एका लयीत होकार देत राहतं. ती लय थांबली तर समजायचं, प्लगला पान किंवा गवत अडकलं. लगेच ओढून घ्यायचा, कारण गवत लागलेला प्लग म्हणजे फाटका पतंग. लय चालू असताना टोकाला एक झटका बसला, मग दुसरा, तर तो मासा. इथे नवख्याचा हात आपोआप काठीकडे जातो, आणि शेजारचा त्याला अडवतो. सार्डिन बांधलेला प्लग सॅल्मन बऱ्याचदा एका घावात घेत नाही. चावतो, सोडतो, पुन्हा चावतो. त्या वासासाठीच तो परत येतो. घाईत काठी उचलली तर गळ त्याच्या तोंडातून बाहेर. थांबायचं, काठीचं टोक वाकत पाण्याला टेकेपर्यंत. तेव्हा रीळ करकरायला लागतं.

कोलंबियाच्या मूळ रहिवाशांची रीत वेगळी होती. सेलिलो धबधब्याच्या खडकांवर लाकडी माच्या बांधून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी ते चढणारे सॅल्मन उचलून घेत. हजारो वर्षांची ती जागा १० मार्च १९५७ रोजी धरणाच्या पाण्यात बुडाली. आजही यकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या चार जमातींना १८५५ च्या करारांनी राखलेले मासेमारीचे हक्क याच नदीवर आहेत, आणि हंगामाचा पहिला सॅल्मन ते समारंभाने स्वीकारतात. धरणांनी नदीच्या कित्येक वाटा बंद केल्या. काही खोऱ्यांतले चिनूक १९९० च्या दशकापासून कायद्याने संरक्षित आहेत. खालून पहिल्या बोनव्हिल धरणाच्या माशांच्या शिडीला काचेची खिडकी आहे, आणि तिथून जाणारा मासा मोजला जातो. २०१३ च्या शरदात तिथून नऊ लाखांहून जास्त चिनूक वर गेले.

या संरक्षणामुळे मासा होडीजवळ आला की जाळी खाली घालण्याआधी त्याच्या पाठीकडे बघतात. मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, एक छोटा मांसल पर असतो. उबवणी केंद्रात वाढलेल्या बहुतेक पिल्लांचा तो कापून टाकलेला असतो, ओळखीसाठी. तो पर जागेवर असेल तर मासा नदीतच जन्मलेला मानतात, आणि अनेक ठिकाणी नियमाने त्याला सोडावं लागतं. तेव्हा त्याला पाण्याबाहेर न काढता, पक्कडीने, म्हणजे सकाळी कडी फिरवली त्याच पक्कडीने, गळ सोडवतात. क्षणभर त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरतात. कल्ले दोन-तीनदा उघडतात, शेपटी हलते, आणि तो पुन्हा आपल्या ओढ्याच्या वासामागे निघतो.

प्लग वर येतो. सार्डिनच्या चिंध्या, दोरा सुटलेला, रंगावर दातांच्या नव्या रेघा. हातमोजे चढवून कुणीतरी नवा काप तासायला घेतं.